पन्हाळ्याच्या तोफांचा नांगर

पन्हाळ्याला तुम्ही गेला असालच. शाळेच्या सहलीत म्हणा, नाहीतर जोतिबाचं दर्शन करून परतताना म्हणा. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी बघून झाली की बरोबरचं एखादं पोरगं हमखास विचारतं, एवढ्या मोठ्या गडावर तोफा किती असतील, त्या सगळ्या गेल्या कुठं? मग ज्याला जे सुचेल ते तो सांगतो. कुणी म्हणतो इंग्रजांनी विलायतेला नेल्या, कुणी म्हणतो दरीत ढकलून दिल्या, कुणी म्हणतो अजून भुयारात आहेत आणि अमावास्येला त्यांचा आवाज येतो.

यातल्या इंग्रजांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. 1844 साली कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी उठाव केला, पन्हाळा आणि सामानगड हाती घेतले. तो उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी गडाची तटबंदी ठिकठिकाणी पाडली. गडाचा लढाऊपणा त्या सालीच संपला. पण तोफा सगळ्याच काही तेव्हा गेल्या नाहीत. गंज खात पडून राहिलेल्या तोफांपैकी काहींचं पुढं काय झालं, याचं उत्तर दरीत नाही आणि भुयारातही नाही. ते तुमच्या-माझ्या गोठ्यामागं, जुन्या सामानाच्या ढिगात असू शकतं. त्या तोफा वितळवून त्यांचे नांगर केले गेले.

ही गोष्ट ऐकीव नाही. पहिलं महायुद्ध 1914 ला सुरू झालं आणि बाहेरून येणारं लोखंड आटलं. किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर बनत होते, तिथली भट्टी थंड पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या निकामी तोफा कारखान्याला दिल्या. ज्या लोखंडानं एकेकाळी माणसं मारली, त्याचे फाळ होऊन ते काळ्या रानात गेले. गुळाच्या व्यापारासाठी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवणारा हा राजा, शेतकऱ्याच्या अडीनडीची त्याला जाण होती. त्यामुळं गडावर गंजणाऱ्या लोखंडाचा खरा उपयोग कुठं, हे त्याला कुणी शिकवायची गरज पडली नसावी.

पण तोफा वितळवाव्यात एवढी नांगराला मागणी आली कुठून? कारण त्याच्या दहा-बारा वर्षं आधी हाच नांगर फुकट दिला तरी कुणी नेला नसता, अशी गत होती. मला खरं कोडं वाटतं ते हे.

सहा नांगर, दोन वर्षं

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून पोरगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठं संकट कुठलं? मग रंगाचा नाद सोडून यंत्रांची चित्रं काढायचं शिक्षण घेतलं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. बढतीची पाळी आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगाव गाठलं. तिथं थोरल्या भावाबरोबर, रामुअण्णांबरोबर, सायकलचं दुकान होतंच.

सायकलीतून ते शेतीच्या अवजारांकडं वळले. पहिल्यांदा कडबाकुट्टीचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. विलायती नांगर समोर होता, त्यावरून आपला घडवला. आणि इथं सगळं अडलं. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली. सहा! आज बाजाराच्या एका दिवसात एखादा दुकानदार सहा फवारणी पंप विकतो.

का खपले नाहीत? याचं उत्तर शाळेच्या पुस्तकापासून भाषणापर्यंत सगळीकडं एकच ऐकायला मिळतं. शेतकरी अडाणी, त्याला वाटायचं लोखंडानं जमिनीला विष लागतं, पीक येत नाही. ऐकणारे हसतात, आणि गोष्ट पुढं सरकते.

मीही कैक वर्षं हसलो. पण तुम्ही नांगर धरलेली माणसं आहात, तुम्हीच जरा विचार करा. बाभळीचा लाकडी नांगर आपल्या वाडवडिलांनी वापरला, त्याला खोड लाकडी, हाळीस लाकडी, रुमणं लाकडी. पण जमिनीत जाणारा फाळ कशाचा होता? लोखंडाचाच. वखराची पास लोखंडाची, कोळप्याची पास लोखंडाची, खुरपं, कुदळ, विळा सगळं लोखंडाचं. गावोगाव लोहार बलुतं घेत होता तो कशाबद्दल? पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत लोखंड घालणारा माणूस एका सकाळी उठून म्हणेल की लोखंडानं जमीन बाटते? म्हणाला असेलही कुणी. पण पैसे घट्ट धरून बसायला ते एवढं एकच कारण होतं, हे मला पटत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेतही

आता जरा लांब जातो, पण विषय सोडत नाही. न्यू जर्सी हा अमेरिकेचा एक प्रांत. तिथल्या चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसानं 1797 साली बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. नांगर खपला नाही. का? तर म्हणे तिथल्या शेतकऱ्यांना वाटलं, लोखंडानं जमिनीला विष लागतं आणि तण माजतं. शब्दाला शब्द तीच गोष्ट, बेळगावच्या शंभर वर्षं आधी आणि सातासमुद्रापार. गोरा शेतकरी आणि आपला शेतकरी यांनी काही एकमेकांना पत्रं लिहिली नव्हती.

मात्र न्यूबोल्डच्या नांगरात एक खोट होती. तो सगळा एकसंध ओतलेला होता. बीड कडक असतं पण ठिसूळ, हे तुम्हाला सांगायला नको. फाळ एखाद्या धोंड्यावर आपटून तुटला की अख्खा नांगर भंगारात. दमड्या मोजून घेतलेला नांगर एका दगडानं संपणार असेल तर कोण घेईल? पुढं न्यूयॉर्क प्रांतातल्या जेथ्रो वूड यानं 1819 साली सुट्या भागांच्या नांगराचं पेटंट घेतलं. फाळ वेगळा, पंखा वेगळा. जे तुटेल तेवढंच बदलायचं, आणि कुठल्याही नांगराचा भाग त्याच घडणीच्या दुसऱ्या नांगराला बसायचा. असले सुट्या भागांचे नांगर आले आणि बिडाचा नांगर त्या मुलखात घरोघर गेला. मग विषाची भीती गेली कुठं? फाळ बदलता यायला लागला आणि विष उतरलं, असंच म्हणायचं का?

इंग्लंडात रॅन्सम नावाच्या ओतारी घराण्यानं याच सुमारास असाच सुट्या भागांचा नांगर केला आणि त्यांचे नांगर पुढं हिंदुस्थानातही आले. म्हणजे लक्ष्मणरावांच्या समोर सुट्या फाळाचा नमुना आयता होता. तरी दोन वर्षं लागलीच. तेव्हा फाळाखेरीज आणखीही काही होतं, आणि ते आपल्या मातीतलं होतं.

बलुत्याचा नांगर, रोख पैशाचा नांगर

लाकडी नांगराला पैसा लागत नव्हता. बांधावरची बाभूळ तोडायची, सुतार ती तासून द्यायचा, लोहार फाळ शेवटून द्यायचा. मोबदला सुगीला, धान्यात. पीक आलं तर बलुतं, नाही आलं तर तोही समजून घ्यायचा. मोडलं तर हाकेच्या अंतरावर माणूस. लोखंडी नांगर घ्यायचा म्हणजे रोख मोजायची, आणि त्या काळी रोख रक्कम शेतकऱ्याच्या हातात कधी यायची? सारा भरायच्या वेळी, तीही सावकाराकडून. बरं, फाळ झिजला तर तो गावच्या लोहाराच्या ऐरणीवर शेवटता येत नाही. बीड ठोकून वाढत नाही, फुटतं. म्हणजे नवा फाळ बेळगावहून मागवायचा. पेरणीच्या तोंडावर फाळ गेला आणि पार्सल यायला पंधरवडा लागला तर वाफसा काय थांबून राहतो?

दुसरी गोष्ट जमिनीची. लाकडी नांगर माती फाडतो, पलटत नाही. दोन तासांमध्ये न नांगरलेला पट्टा राहतो, म्हणून आडवी-उभी नांगरट करावी लागायची. लोखंडी नांगराचा पंखा ढेकूळ उचलून उलथं टाकतो, खालची माती वर, वरची खाली. काळ्याभोर खोल रानात हे वरदान आहे. हरळी, कुंदा, लव्हाळा यांची मुळं, गड्डे वर येतात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापून मरतात. पण मुरमाड, हलक्या, वीतभर मातीच्या रानात हाच नांगर घातला तर? खालचा कच्चा थर, कुठं चुनखडी, कुठं मुरूम, वर येऊन बसतो आणि शेणखतावर पोसलेली वरची माती खाली गाडली जाते. पहिल्या वर्षी पीक पिवळं पडतं. ज्याच्या रानात असं झालं तो गावात येऊन काय सांगेल? जमीन खराब झाली, लोखंडी नांगरानं जमीन मारली, असंच सांगेल. हे ऐकून शहरातल्या माणसानं त्याचा अर्थ लावला, विष.

हा माझा तर्क आहे, कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नाही. पण ज्यानं हलक्या रानात खोल नांगरट करून बघितली आहे त्यानं मला खोटं पाडावं.

एक खरं, की जड काळ्या रानात जुन्या लाकडी नांगरालाही सहा-सहा, आठ-आठ बैल लागायचे. एकट्याची बैलं पुरायची नाहीत, म्हणून इर्जिक. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. त्यामुळं एकानं नांगर बदलायचा ठरवला तरी इर्जिकेतल्या चौघांना तो पटावा लागे. नवं अवजार गावात एकट्यादुकट्यानं येत नाही, हे त्या वेळीही खरं होतं.

निवडुंगाचं माळरान

असो. सहा नांगर गेले आणि ते चालू लागले. ज्यांच्या खोल काळ्या रानात हरळी होती त्यांना फरक दिसला, आणि शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं रान बघितलं. जमिनीची जाहिरात जमीनच करते. पण धंद्याला बरे दिवस दिसू लागले तोवर बेळगाव शहराच्या वाढीच्या आराखड्यात कारखान्याची जागा गेली. जागा खाली करा, असा हुकूम आला. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामावर होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना हे कळलं. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

माळ म्हणजे कसला, तर निवडुंग आणि साप. पाणी नाही, सावली नाही. रेल्वे मात्र दाराशी, आणि नांगरासारख्या जड मालाला तेच हवं होतं. 10 मार्च 1910 ला तिथं मुहूर्त झाला. पंचवीसेक कामगार, त्यांची बायकापोरं, राहायला झोपड्या. शिक्षा भोगून आलेल्या, गावानं वाळीत टाकलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीला ठेवलं, हे मला त्यांच्या यंत्रांपेक्षा मोठं वाटतं. त्या माळाची पुढं किर्लोस्करवाडी झाली आणि स्टेशनचं नावही तेच झालं. आज पलूस तालुक्यातली माणसं त्या स्टेशनवर गाडी धरतात. शेजारचं कुंडल तर तुम्हाला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारमुळं माहीत आहेच.

इथं एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. बेळगावात कारखाना शहरात होता, गिऱ्हाईक खेड्यात. कुंडलच्या माळावर तो चहूबाजूंनी शेतकऱ्यांच्या मधोमध आला. कृष्णाकाठचं काळं रान अगदी जवळ. नांगर नीट चालत नसेल तर शेतकरी गाडी जुंपून दारात येऊन शिव्या घालू शकत होता. ज्या कारखानदाराला गिऱ्हाइकाच्या शिव्या थेट ऐकू येतात त्याचा माल सुधारल्याशिवाय राहत नाही.

मग युद्ध आलं. विलायती नांगर यायचे थांबले, म्हणजे गिऱ्हाईक सगळं वाडीकडं आलं, पण नेमक्या त्याच वेळी लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. मागणी दारात आणि भट्टीत घालायला काही नाही. मोडीचं लोखंड गोळा केलं, दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरला, आणि मग त्या पन्हाळ्याच्या तोफा. बिडाची तोफ फोडून भट्टीत घालायची म्हणजे काय काम असेल, ते ओतशाळेत काम केलेल्यांना विचारा. तोफ फुटू नये म्हणूनच बनवलेली असते.

युद्ध संपलं. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. नांगराच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचणारा तो छोटा अंक पुढं मराठीतलं नामांकित मासिक झाला. ज्या मासिकानं मध्यमवर्गीय घरांत नवे विचार नेले, त्याचा पहिला धागा शेतकऱ्याच्या फाळाला बांधलेला होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात आहे. नंतर उसाचे चरक, पाण्याचे पंप, विहिरीवरची तेलाची इंजिनं. कित्येक गावांत इंजिन म्हणजे किर्लोस्करचं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. लक्ष्मणराव 1956 साली वारले, आणि त्यांच्या जन्मशताब्दीला, 1969 साली, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं.

आता आजचं बोलू

तोफांची आठवण मला सहज झाली नाही. आमच्या भागात एका योजनेतून पेरणीयंत्र आलं होतं. अनुदान होतं, उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाले. पहिल्या हंगामात बरं चाललं. दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर त्याचा एक छोटा दात्याचा भाग मोडला. विकणाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला, वरून मागवावा लागेल. वरून म्हणजे कुठून ते त्यालाही सांगता येईना. पाऊस पडला, आम्ही जुनी तिफण काढली, त्यावर पेरलं. यंत्र दोन हंगाम उभं राहिलं, त्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आणि मग एका बैठकीत एक साहेब म्हणाले, आमचे शेतकरी नवं तंत्र स्वीकारत नाहीत. मी मागच्या खुर्चीवर होतो. उठून बोलायला हवं होतं, बोललो नाही, त्याची रुखरुख आजही आहे.

ग्रामसेवक, कृषी सहायक, सरपंच ही मंडळीही हे पान वाचतात म्हणून मुद्दाम लिहितो. यादीत नवीन अवजार आलं की लाभार्थींची नावं भरायच्या आधी तीन गोष्टी विचारा. याचा झिजणारा भाग कुठला, तो तालुक्याच्या बाजारात कोणाच्या दुकानात मिळतो, आणि तो बसवायला आपल्या गावचा फिटर शिकलाय का. आणि शेतकरी नको म्हणाला तर त्याच्या तोंडचा एकच शब्द उचलू नका. जमीन दाखव म्हणा. त्याच्या रानाची खोली किती, बैल आहेत की ट्रॅक्टर भाड्यानं आणतो, रोख पैसा त्याच्याकडं कोणत्या महिन्यात असतो, ते बघा. रोटाव्हेटर आला तेव्हाही काही म्हातारे म्हणाले की जमीन घट्ट होते, आणि आपण हसलो. आता सारख्या रोटाव्हेटरनं खाली कडक थर तयार होतो, हे कृषी विद्यापीठांतली माणसंही सांगतात.

गोठ्यामागं तुमचा जुना लोखंडी नांगर असेल तर एकदा बघा. ट्रॅक्टर आल्यापासून ते गंजत पडलेत आणि भंगारवाला किलोवर नेतो. प्रत्येक जुना नांगर काही तोफेचा नव्हे, ते ओळखायची खूणही नाही. तरी मोडीत घालण्याआधी त्यावरची माती घासून काढा, बिडात ओतलेली अक्षरं दिसतात का ते पाहा. आमच्या आजोबांच्या नांगरावर ती दिसली. फाळ मात्र त्यावर तिसरा की चौथा होता, आधीचे झिजून बदललेले. तो नांगर आम्ही ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवायला दिला. शाळेची पोरं सुट्टीत त्यावर बसून डबा खातात.